तुटक हंगामात पोरांचा खेळ कसा जोखावा

‘सर, यंदा आमच्या पोराची काही प्रगती दिसते का?’ दिवाळीच्या सुट्टीआधी पालक शाळेत येतात तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो. उत्तर देण्याआधी मी सरावाची हजेरी उघडतो. जूनच्या मध्याला शाळा भरते. तेव्हापासून आठवड्याला तीन सराव धरले तर दिवाळीपर्यंत पन्नासच्या आसपास भरायला हवेत. भरतात वीस-बावीस. बाकीचे पावसानं नेलेले असतात, पोळा-गणपती-नवरात्रानं नेलेले असतात, घटक चाचणी आणि सत्र परीक्षेनं नेलेले असतात. पिंपळनेरजवळचं लाटीपाडा धरण भरून पांझरा नदी वाहू लागली की आमच्या उघड्या सिमेंटच्या कोर्टावर हिरवं शेवाळ धरतं. त्यावर पोरं पळवली की कुणाचं तरी मनगट जायबंदी होणार हे ठरलेलं. शेवाळ खराट्यानं घासून काढायला दोन दिवस जातात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा झड लागते. निवडणुकीचं वर्ष असलं की त्यात आणखी भर. 2024 मध्ये आमच्याकडे 13 मे रोजी लोकसभेचं आणि 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. त्या काळात शिक्षक निवडणुकीच्या कामात आणि वर्गखोल्या मतदान केंद्रांत.

पिंपळनेर, साक्री, नवापूर, शिरपूर, चोपडा अशा ठिकाणी बास्केटबॉल शिकवणाऱ्या क्रीडाशिक्षकांसाठी आणि ज्यांची पोरं हा खेळ खेळतात त्या आईबापांसाठी हे लिहितो आहे. मोठ्या शहरातल्या पुस्तकात सलग हंगाम गृहीत धरलेला असतो. आपला हंगाम तुटकच असतो. तो तसा आहे हे मान्य करूनच पोरांचं मोजमाप करावं लागतं, नाहीतर वीस दिवसांच्या खेळावर आपण वर्षभराचा शेरा मारून मोकळे होतो आणि तो शेरा पोराच्या मनात कितीतरी वर्षं राहतो.

हा खेळ जन्मलाच मुळी तुटलेल्या हंगामातून. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नायस्मिथ नावाच्या शिक्षकासमोर थंडीमुळे मैदानी खेळ बंद पडलेले विद्यार्थी होते. त्यानं व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. सज्जाची उंची दहा फूट होती, म्हणून रिंग आजही दहा फुटांवर, म्हणजे 3.05 मीटरवर असते. बाहेर हवा वाईट होती म्हणून खेळ छपराखाली शोधला गेला. आपण तो छपराबाहेर आणला, म्हणून आपल्याला पाऊस नडतो.

आता सामन्यांचं बघा. बास्केटबॉलचे संघ कमी, त्यामुळे शालेय स्पर्धेत कबड्डी-खो-खोसारखा तालुक्याचा टप्पा या खेळाला बहुधा नसतोच. संघ थेट जिल्ह्याला, धुळ्याला जातो. स्पर्धा बाद पद्धतीची. हरलात की बॅगा उचलायच्या. म्हणजे पहाटे उठून, एसटीनं जाऊन, एक सामना खेळून संध्याकाळी परत. बारा पोरांच्या संघात दहाव्या क्रमांकाच्या पोराला त्या सामन्यात तीन-चार मिनिटं मिळतात. त्याचा वर्षाचा हंगाम तेवढाच.

अमेरिकेच्या एनबीएमध्ये एका संघाचे नेहमी 82 सामने होतात. मालक-खेळाडूंच्या वादामुळे 1998-99 च्या हंगामात ते 50 वर आले. 2011-12 मध्ये 66 झाले, करोनानंतर 2020-21 मध्ये 72. हे तिथले ‘छोटे हंगाम’. पन्नास सामन्यांवरून घडलेल्या, पगारी खेळाडूबद्दल मत बनवताना तिथले जाणकार जपून बोलतात. आपण चौदा वर्षांच्या, अजून हाडं वाढत असलेल्या पोराबद्दल एका सामन्यावरून बोलतो.

त्यात दहावी-बारावीच्या सवलतीच्या क्रीडागुणांचा हिशेब मिसळतो. गुण मिळतात ते पोर कुठल्या स्तरापर्यंत पोहोचलं त्यावर. शासकीय नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षणही प्रमाणपत्रावर चालतं. त्यामुळे प्रमाणपत्र आणि प्रगती या दोन गोष्टी घराघरांत एक होऊन बसल्या आहेत. प्रमाणपत्राला किंमत आहे, ती मी नाकारत नाही. गरीब घरातल्या पोराला त्याचा खरा आधार असतो. पण पोर किती शिकलं हे त्या कागदावरून कळत नाही. ज्या वर्षी स्पर्धाच होत नाहीत त्या वर्षी कागदही नसतो. मग त्या वर्षी पोर वाढलंच नाही असं म्हणायचं का?

तसं वर्ष आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग 23 नोव्हेंबर 2020 पासून उघडू लागले, पाचवी ते आठवीचे 27 जानेवारी 2021 पासून. दुसऱ्या लाटेत पुन्हा कुलूप. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या शाळा 4 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाल्या. जानेवारी 2022 मध्ये परत काही आठवडे बंद. 2020-21 च्या शालेय स्पर्धा झाल्या नाहीत. आता वयोगटाचा हिशेब लावा. चौदा वर्षांखालच्या गटाला 1 जानेवारीची जन्मतारीख धरतात. 2020-21 साठी ती 1 जानेवारी 2007 होती. 2007 साली जन्मलेल्या पोरांची चौदाखालची शेवटची संधी त्या वर्षी गेली. 2022 च्या पावसाळ्यात मैदानं पुन्हा भरली तेव्हा ही पोरं सरळ सतरा वर्षांखालच्या गटात, स्वतःपेक्षा वर्षानं मोठ्या पोरांपुढे उभी राहिली. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना ‘याच्यात दम नाही’ असं ऐकावं लागलं.

अशीच एक मुलगी माझ्याकडे होती. नाव लिहीत नाही. लॉकडाऊनच्या आधी, सहावी-सातवीत असताना, ती दहा फ्री थ्रोमध्ये सहा टाकायची. जानेवारी 2021 च्या शेवटी ती शाळेत परत आली. एकमेकांना पास द्यायचीही तेव्हा धास्ती होती, म्हणून मी पोरांना एकेकट्यानं फेकायला लावलं. दहापैकी तिचे दोन गेले. मी वहीत तिच्या नावापुढे ‘पीछेहाट’ असं लिहिलं. तो शब्द अजून त्या वहीत आहे. मी तो खोडला नाही, कारण तो मला पुन्हा वाचायचा असतो.

त्या दिवशी मी तीन गोष्टी पाहिल्या नाहीत. तिच्या गणवेशाच्या बाह्या मनगटापासून चार बोटं वर गेल्या होत्या. वर्षभरात ती ताडकन वाढली होती, हातापायांची लांबी बदलली होती आणि जुना नेम नव्या शरीराला लागू पडत नव्हता. दुसरं, चेंडूत हवा कमी होती. वर्षभर कपाटात पडलेला चेंडू मी पंप न लावताच दिला होता. चेंडू डोक्याच्या उंचीवरून सोडला तर कमरेच्या वर उसळला पाहिजे, हे मी दुसऱ्यांना शिकवतो आणि त्या दिवशी मीच पाहिलं नाही. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. फेकायला जाताना ती डाव्या हातानं चेंडू उसळवत गेली आणि सगळा वेळ माझ्याकडे बघत होती. आधीच्या वर्षी तिची मान चेंडूवर वाकलेली असायची. नंतर विचारलं तेव्हा कळलं, वर्षभर ती घराच्या सिमेंटच्या ओट्यावर रबरी चेंडू खेळवायची. धाकट्या भावाला सांभाळायचं काम तिच्याकडे होतं. तो ओट्यावरून खाली पडू नये म्हणून नजर त्याच्यावर, आणि उजवा हात त्याला धरायला मोकळा. हंगाम नव्हता, सामना नव्हता, शिक्षक नव्हता, आणि ती बास्केटबॉलमधली सगळ्यात अवघड गोष्ट शिकून आली होती. मी लिहिलं, पीछेहाट.

तेव्हापासून माझी जोखण्याची रीत बदलली. ती इथे सांगतो. कुठलंही यंत्र लागत नाही, दोनशे पानी वही आणि पेन्सिल पुरते.

आधी फेकीचं गणित समजून घ्या, कारण सगळ्यांची नजर तिथेच जाते. समजा एखादं पोर मुळात शंभरात चाळीस टाकणारं आहे. त्याला दहा फेकी दिल्या तर कधी दोन जातील, कधी सहा. दोन्ही अगदी सहज घडतं, पोर तेच असतं. मंगळवारी दोन गेले म्हणून ते बिघडलं नाही आणि शुक्रवारी सहा गेले म्हणून सुधारलं नाही. पण शंभर फेकींची बेरीज केली तर आकडा बहुतेक वेळा पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान राहतो, आणि त्यावरून काही बोलता येतं. शंभर फेकी एका दिवसात घेऊ नका, हात थकतो आणि शेवटच्या तीस फेकी वेगळंच काही सांगतात. दर सरावाला दहा घ्या. दहा सराव झाले की शंभर. तुटक हंगामातही दहा सराव मिळतात. पुढचे शंभर झाले की मागच्या शंभराशी ताडून बघा, आणि मधल्या काळात आकड्यावरून पोराला एक शब्द बोलू नका. लहान पोरांना 4.6 मीटरच्या फ्री थ्रो रेषेवरून फेकायला लावू नका. एक मोठं पाऊल पुढे उभं करा. लांबून फेकताना ती चेंडू छातीवरून ढकलायला लागतात आणि ती खोड पुढे सुटता सुटत नाही. मिनी बास्केटबॉलमध्ये रिंगच 2.60 मीटरवर असते आणि चेंडू पाच नंबरचा असतो, ते याच कारणासाठी. आपल्या शाळांत रिंग खाली घेता येत नाही, पण पोराला पुढे घेता येतं.

फेक मात्र एकूण खेळाचा लहान तुकडा आहे. मी ज्याच्यावर जास्त भर देतो ते असं: चेंडू हातात आल्यावर पोराची पहिली नजर कुठे जाते? जमिनीकडे गेली तर ते घाबरलेलं आहे. थेट रिंगकडेच गेली तर त्याला खेळ अजून आपल्या एकट्याचा वाटतो. आधी मैदानावर एक नजर फिरली आणि मग काय ते ठरलं, तर पोर खेळ वाचायला लागलं आहे. ही गोष्ट गुणफलकावर कधीच दिसत नाही. अचूक पास दिला आणि समोरच्यानं सोडला तर कागदावर चूक दिसते, पण पास देणाऱ्याचा निर्णय बरोबर होता. निर्णय आणि परिणाम वेगळे लिहायला शिका. माझ्या वहीत त्यासाठी दोन रकाने आहेत. ‘बरोबर ठरवलं’ आणि ‘जमलं’. वाढत्या वयात पहिला रकाना आधी भरतो, दुसरा मागून येतो. ज्या पोराचा पहिला भरलेला आणि दुसरा रिकामा आहे त्याची काळजी करू नका, त्याला फक्त दिवस हवेत. दुसरा भरलेला आणि पहिला रिकामा असेल तर ते पोर आज उंचीवर किंवा वेगावर जिंकतं आहे. दोन वर्षांनी बाकीचे त्याच्या उंचीला आले की ते अडणार. त्याच्याकडे आत्ताच लक्ष द्या.

दुसरी नजर ठेवायची ती चेंडू गेल्यानंतरच्या तीन पावलांवर. पास हुकला, चेंडू हिसकावला गेला, फेक बाहेर आली. त्या क्षणी पोर काय करतं? कमरेवर हात ठेवून उभं राहतं, सोबत्याकडे रागानं बघतं, की वळून बचावाला धावतं? हे शिकवता येतं, आणि ते शिकल्याचं लवकर दिसतं. आठ-दहा सरावांतही फरक कळतो. वर्षाला एकच सामना मिळाला तरी तीस वेळा तरी असा क्षण येतो, म्हणून मोजायला ही गोष्ट फार चांगली. बाकी डावा हात किती चालतो, दोन पायांवर थांबून पिव्हट घेता येतो का (एक पाय रोवून वळता येतं का) की दरवेळी पाय सरकून ट्रॅव्हल होतं, बचावात तोंडानं बोलतो का, एवढं पाहिलं तरी पुरे.

एका वेळी सगळ्यांना पाहायला जाऊ नका, कुणीच दिसत नाही. एका सरावाला चार पोरं निवडा, प्रत्येकाला पाच मिनिटं. बाकीच्यांना खेळू द्या. वीस पोरं आणि वीस सराव असतील तर प्रत्येक पोर हंगामात चारदा नीट पाहून होतं. चारदा म्हणजे थोडं वाटेल, पण ‘एकूण बरा आहे’ या शेऱ्यापेक्षा ते कितीतरी जास्त आहे. लिहिताना विशेषण लिहू नका, रेघा मारा. दहा वेळा चेंडू मिळाला, सात वेळा मान वर. पुढच्या वेळी सहा झाले किंवा आठ झाले, ते कळतं. ‘चांगला’, ‘आळशी’, ‘हुशार’ हे शब्द वहीत आले की पुढच्या वर्षी ते वाचून आपलेच डोळे बांधले जातात. आणि संधी मोजा, सामने मोजू नका. ज्याला चार मिनिटांत तीनदाच चेंडू मिळाला त्याच्या ‘शून्य गुणां’ना काही अर्थ नाही.

संधी वाढवायचा सोपा उपाय आपल्या हातात आहे. पूर्ण कोर्ट 28 बाय 15 मीटरचं, तेवढं सुकायला वेळ लागतो. पण एका रिंगसमोरचा अर्धा भाग खराट्यानं लवकर मोकळा होतो. तिथे तीन विरुद्ध तीन खेळवा. हा काही कमअस्सल खेळ नाही. टोकियोच्या ऑलिंपिकपासून, म्हणजे 2021 मध्ये झालेल्या स्पर्धेपासून, थ्री बाय थ्री हा ऑलिंपिकचा खेळ आहे. सामना दहा मिनिटांचा, किंवा एक संघ एकवीस गुणांवर पोहोचेपर्यंत. पाच-पाचच्या खेळात बुजरं पोर कोपऱ्यात लपू शकतं, तीन-तीनमध्ये लपायला जागाच नसते. दर दोन मिनिटांत चेंडू त्याच्याकडे येतोच. पाऊस दोन तास उघडला तरी चार सामने होतात आणि तुमच्या वहीचं पान भरतं.

आता शरीराचं. हा भाग मी दरवर्षी नव्यानं शिकतो. मुलींची उंची सगळ्यात झपाट्यानं साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास वाढते, मुलांची चौदाव्याच्या. त्या वर्षात आठ-दहा सेंटिमीटर उंची वाढू शकते. त्या काळात पोर अडखळतं, चेंडू हातातून निसटतो, पळताना पाय वेंधळे पडतात. बापाला वाटतं पोरगं बिघडलं. असेच एक बाप माझ्यापुढे येऊन म्हणाले होते, ‘सर, पोऱ्या मोठा व्हयना, पन चेंडू काय जाळीमा जात नही.’ मी त्यांना वर्गाच्या चौकटीवर मारलेल्या पेन्सिलीच्या खुणा दाखवल्या. दर महिन्याच्या एक तारखेला आम्ही तिथे पोरांची उंची लावतो, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून. लागोपाठच्या दोन खुणांमधलं अंतर वाढलेलं दिसलं की त्या पोराच्या फेकीचे आकडे मी बाजूला ठेवतो. नजर, निर्णय आणि धाव एवढंच पाहतो. शाळेची भिंत आणि पेन्सिल याला पुरते, तुम्ही आजच सुरू करू शकता. गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखतं असं या वयातलं पोर सांगत असेल तर ‘सोंग करतो’ म्हणू नका. वाढत्या हाडाच्या जागी ताण येऊन ते खरंच दुखतं. उड्या कमी करा आणि डॉक्टरला दाखवा.

वयोगटाच्या तारखेचंही असंच. एकाच गटात जानेवारीत जन्मलेलं पोर आणि डिसेंबरात जन्मलेलं पोर यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर असतं. तेरा-चौदाच्या वयात ते अंतर डोळ्यांना ‘गुणवत्ता’ वाटतं. जगभर निवड समित्या या चुकीत सापडतात, लवकर जन्मलेली पोरं जास्त निवडली जातात. आमच्या भागात आणखी एक अडचण आहे. पाड्यांवरच्या काही पोरांच्या दाखल्यावर 1 जून ही तारीख शाळेत नाव घालताना लागलेली असते. खरं वय विचारायचं असेल तर आजीला विचारा, ‘आई, हा आखाजीला झाला की दिवाळीला?’ ती पाऊस, लग्न, कुणाचं वर्षश्राद्ध असं धरून नेमकं सांगते. स्पर्धेला कागदावरचीच तारीख चालते आणि तीच चालली पाहिजे. पण तुमच्या मनातलं मोजमाप आजीच्या तारखेवर ठेवा.

उंचीनं भुलू नका हे सांगताना मला सतनाम सिंग आठवतो. पंजाबातल्या बल्लो के या खेड्यातला सात फुटांवर उंचीचा मुलगा, 2015 साली एनबीएच्या ड्राफ्टमध्ये डॅलस संघानं घेतलेला, भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. आपल्याकडे त्याची उंचीच सांगितली जाते. पण तो लहान वयात लुधियानाच्या अकादमीत गेला, पुढे फ्लोरिडात गेला आणि वर्षानुवर्षं रोज, न तुटता सराव करत राहिला. तेवढं मिळूनही एनबीएच्या मुख्य हंगामात त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. उंच पोर दिसलं की त्याला रिंगखाली उभं करून हात वर करायला सांगू नका. त्यालाही सगळ्यांसारखं चेंडू घेऊन पळू द्या.

लवकर दमणाऱ्या पोराबद्दल फार सांभाळून बोला. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकल सेलचं प्रमाण आहे. मुलींमध्ये रक्त कमी असणं तर सर्रास. जे पोर दोन फेऱ्यांत धाप टाकतं, हातपाय दुखतात म्हणतं, वारंवार आजारी पडतं, त्याच्या नावापुढे ‘दम कमी’ लिहिण्याआधी सरकारी दवाखान्यात रक्ताची तपासणी करून घ्या. सिकल सेल निघाला तर किती खेळायचं ते डॉक्टर सांगतील. पाणी तोडणं, उन्हात ताणणं आणि दम संपेपर्यंत पळवणं अशा पोराच्या जिवावर बेतू शकतं. आणि सकाळच्या सरावाला पोर काय खाऊन आलं हे विचारायला लाजू नका. रिकाम्या पोटी आलेल्या पोराचं मोजमाप मी करतच नाही. त्या दिवशीचा रकाना कोरा ठेवतो.

ज्यांचा हंगाम सगळ्यात जास्त तुटतो ती पोरं ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली. पिंपळनेरच्या पश्चिमेच्या पाड्यांवरून दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं कोयता घेऊन बारडोली-सुरतकडच्या कारखान्यांना निघतात. काही पोरं आजी-आजोबांजवळ मागे राहतात, काही सोबत जातात. येणं उन्हाळ्यात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला. जी मागे राहतात तीही पौष-माघात कांद्याच्या लावणीला जातात, कारण रोज मिळतो. अशा पोराला मार्चमध्ये ‘हजेरी कमी’ म्हणून यादीतून काढणं मला अन्यायाचं वाटतं. ते परत आलं की पहिले दोन-तीन आठवडे काहीही मोजू नका. फक्त खेळू द्या. मग त्याला त्याच्याच शेवटच्या पानाशी ताडा, जी पोरं वर्षभर इथे होती त्यांच्याशी नको. तुलना पोराची स्वतःशीच करायची, हे सगळ्यांनाच लागू आहे. पण या पोरांच्या बाबतीत त्याशिवाय दुसरं मापच नाही. आणि शरीरानं ती कधी कधी जास्त काटक होऊन येतात, खांदे भरलेले असतात. तेही लिहा.

संघ निवडायची वेळ येते तेव्हा या सगळ्याचा कस लागतो. बारा जागा आणि अठरा पोरं असतील तर सहा जणांना नाही म्हणावंच लागतं. मी आता निवड चाचणीचा एक दिवस ठेवत नाही. तीन वेगवेगळ्या दिवशी तीन-तीनचे सामने लावतो, जोड्या दर सामन्याला बदलतो आणि दुसऱ्या एका शिक्षकाला वेगळ्या कागदावर लिहायला सांगतो. दोघांचे कागद शेवटी जुळवतो. ज्या पोरांबद्दल आमच्यात फरक पडतो, त्यांच्याबद्दल आमच्यापैकी कुणाला तरी काहीतरी दिसलेलं नाही असं समजून त्यांना चौथा दिवस देतो. शेवटच्या दोन जागा मी आजच्या जोरावर भरत नाही, ज्याच्या ‘बरोबर ठरवलं’ रकान्यात वाढ आहे त्याला देतो. त्यामुळे यंदाचा एखादा सामना हातचा जाईल हे मला ठाऊक असतं, आणि तसं मी मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवतो. ज्यांना घेतलं नाही त्यांना यादी फळ्यावर लावून कळवू नका. बोलावून, वहीतलं त्यांचं पान समोर ठेवून सांगा. ‘तुझा डावा हात मागच्या वेळी दहात दोनदा चालला, यंदा पाचदा. बचावाला वळणं अजून कमी आहे. त्यावर आपण काम करू.’ पोर रडलं तरी ते ऐकतं, कारण त्यात खोटं काही नसतं.

पालकांशीही तसंच. ‘नाना, पोरगं चांगलं आहे’ एवढं बोलून पाठवलं तर ते धुळ्याच्या निकालाकडेच बघणार. त्यांना एक गोष्ट दाखवा, एकच. मैदानावर आणा आणि सांगा, पुढची पाच मिनिटं तुमच्या पोराची फक्त मान बघा. मी असं दाखवलं त्या बहुतेक बापांनी पाच मिनिटांनंतर निकालाचा प्रश्न विचारला नाही. त्यांना मान दिसायला लागलेली असते.

ती ओट्यावर खेळणारी मुलगी 2022 मध्ये सतरा वर्षांखालच्या संघात पॉइंट गार्ड म्हणून धुळ्याला खेळली. आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. तिचे गुण चार. घरी येताना एसटीत मी तिची बेरीज केली. चेंडू हातात आला एकतीस वेळा, त्यात मान वर सव्वीस वेळा. साक्रीच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी ते पान तिला दाखवलं. तिनं पेन्सिल मागितली आणि एका रेघेवर बोट ठेवून म्हणाली, ‘सर, हा पास मी दिला तेव्हा मी बघितलं नव्हतं. तो चुकून गेला.’ आम्ही ती रेघ खोडून पंचवीस केले.

आता दिवाळीच्या सुट्टीआधी एक काम करा. जी पोरं गावाबाहेर जाणार आहेत त्यांच्या हातात शाळेतला एक जुना चेंडू द्या, परत येणार की नाही याचा विचार न करता, आणि सोबत पोस्टकार्डाएवढा एक कागद. त्यावर त्यांचा शेवटचा आकडा, तारखेसह उंची आणि दोनच ओळी: डाव्या हातानं उसळव, चेंडूकडे बघू नको. कागदाची दुसरी बाजू कोरी सोडा. तिथे पोरानं काय लिहिलं किंवा काय सांगितलं, ते आखाजीला परत आल्यावर तुमच्या वहीच्या नव्या पानावर सगळ्यात आधी उतरवून घ्या.